तोच तुकडा परत

नाही नाही काका, तिथे नका ठेवू — त्या टेबलाला पोक आहे. दिसत नाही, पण आहे. गाडी इथे ठेवा, काचेवर. ही जुन्या खिडकीची काच, बाबांनी खाली स्क्रू लावून समतल केलेली. घरात सरळ अशी एवढी एकच जागा, असं ते म्हणायचे. बाकी सगळं तिरकं — भिंती तिरक्या, दादाचे दात तिरके, आईचं बोलणं तिरकं — आणि आई आतून ओरडायची, मला सगळं ऐकू येतंय हं. हं, अशी ठेवा. आता जरा वरून दाबून सोडा, दोनदा, म्हणजे स्प्रिंगा आपापल्या जागी बसतात. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही दादाच्या नव्या टीमचे मेकॅनिक. मी आपली सवयीने बोलते. म्हणजे सवय बोलायची नाही, गाडीची. एरवी मी फार बोलत नाही, दादाने सांगितलंच असेल तुम्हाला — बहिणीला काही विचारलंत तर मानेनेच उत्तर देईल — सांगितलं ना? वाटलंच. पण आता गाडी द्यायची म्हटल्यावर बोलावं लागणार, मुक्याने कशी देऊ? बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय बाबा उद्या दुरुस्त करणार होते. या खुर्चीवर बसा.

शेजारच्या काकू भेटल्या का जिन्यात? काय म्हणाल्या — खेळण्यातली गाडी न्यायला एवढा मोठा माणूस आला? म्हणाल्याच असतील. मी त्यांना कधी समजावत बसत नाही. हातभर लांब गाडी, रिमोटवर चालणारी, तिला खेळणं नाही तर काय म्हणतील लोक? पण खऱ्या शर्यतीच्या गाडीला जे जे असतं ते हिला आहे, आणि शिवाय वर दादा आहे. हसा, हसा, तुम्हाला आता रोज त्याच्याबरोबर राहायचंय. तर हे बघा — पुढची चाकं. समोरून बघितलं की दोन्ही चाकांचे माथे किंचित आत कललेले दिसतात, हा कॅम्बर, दीड डिग्री ठेवलाय. डावीकडे मोजताना कोनाचा गेज जरा दाबून धरा, त्या टायरची कड उडाली आहे. कॅम्बर बदलायचा तर हा दांडा जागेवरच फिरवायचा, पाव फेरा, जास्त नाही. तुमच्यासारख्या जाड बोटांच्या माणसाकडून अर्धा फिरतो — राग नका मानू, बाबांचीही बोटं अशीच होती. जमिनीपासून उंची पुढे-मागे पाच मिलिमीटर. स्प्रिंगांमधल्या डॅम्परचं तेल मी नुकतंच बदललंय, बुडबुडे काढून. चमच्याच्या मागच्या बाजूने ठोकत बसायचं, टकटक टकटक, म्हणजे बुडबुडे वर येतात. ते काम मला आवडतं. त्यात काही विचार करावा लागत नाही. हल्ली मला अशीच कामं बरी वाटतात.

ते काय? — हां, उजेड हलतोय तो. आई टीव्ही बघतेय आतल्या खोलीत. आवाज बंद करून बघते. बाबा होते तेव्हा टीव्ही मोठ्याने आणि वर दोघांचं भांडण त्याहून मोठ्याने, आता नुसती चित्रं हलतात. मी विचारत नाही. तिला तेवढं बरं वाटत असेल.

काय झालं? परत लावून बघा ना गेज. मागच्या चाकाला नीट टेकलाय का? — किती? — तीन. हं. दादा फोनवर काय म्हणाला तुम्हाला? दीड. मागचा टो दीड डिग्री, असं म्हणाला. बरं. मग तुमचा गेज जरा — असतं कधी कधी, नवीन गेजला असतं, प्लॅस्टिक वाकतं उन्हात — दुसऱ्या बाजूला लावून बघा. तिथेही तीन. हो, आमचा गेज आहे ना, त्या खणात, लावा. — तीन.

नाही, तुमचा गेज बरोबर आहे. तीनच आहे.

जरा हळू बोलूया? आई टीव्हीचा आवाज बंद ठेवते, कान बंद नाही ठेवत. तीनच आहे काका. पहिल्यापासून तीनच. म्हणजे दादा म्हणतो दीड, त्याला खरंच वाटतं दीड आहे, तो खोटं नाही बोलला तुमच्याशी. तो खोटं बोलतच नाही, त्याला जमत नाही, लगेच मान खाजवतो. खोटं मी बोलते. आधी बाबा बोलायचे, मग मी.

आम्ही लहान होतो तेव्हा बाबांनी आम्हाला टो शिकवला तो या इथे, या दोन दारांच्या मधल्या बोळकांडीत. म्हणाले, दोघं उभे राहा, पावलांचे अंगठे आत वळवून — असे, बदकासारखे — आणि मागून हळूच ढकलायचे. मग म्हणाले, आता पावलं सरळ. मग परत ढकलायचे. गाडीची मागची चाकं अशी आत वळलेली असली की तिची मागची बाजू धरून राहते, वळणावर शेपूट फेकत नाही. सरळ केली की गाडी चपळ होते, पण निसटते. अंगठे आत करून मी हलले नाही. पावलं सरळ करून दादा पडला, चांगला कपाळावर पडला, आणि उठून म्हणाला, मी पडलो नाही, मी वाकलो. असा आहे तो. बाबा किती हसले. नंतर कित्येक दिवस घरात कोणाच्या हातून काही सांडलं की आम्ही म्हणायचो — सांडलं नाही, वाकलं.

तर दादाला गाडी नेहमी जड वाटते. जिंकला तरी जड वाटते. मागून धरल्यासारखी वाटते म्हणतो, ढिली कर, टो कमी कर, दीडवर आण. एकदा बाबा जवळ नव्हते, मी आणला. खरंच आणला, त्याने सांगितलं तसं, मला काय माहीत, तो चालवणारा, मी पाने देणारी. पहिल्या वळणावर गाडी स्वतःभोवती फिरली, तिसऱ्या वळणावर परत फिरली, मग जाऊन कडेच्या फळीवर आदळली आणि मागचा हात मोडला — गाडीचा हो, सस्पेन्शनचा. दादा रिमोट खाली ठेवून जो निघून गेला तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. कोणाशी बोलला नाही. मला वाटलं रागावलाय. बाबा म्हणाले, रागावला नाही, घाबरलाय, हे त्याला सांगू नकोस. नवा हात लावताना मी परत तीन केला, पण पुढच्या शर्यतीला दादाचं परत तेच — ढिली कर, दीडवर आण. मी बाबांकडे बघितलं. बाबा माझ्या कानात म्हणाले, हो म्हण, आणि तोच तुकडा परत घाल.

हा तुकडा. इथे, मागच्या कण्यापाशी, केवढासा आहे बघा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा. यातलं भोक मधोमध नसतं, थोडं बाजूला असतं, ते किती बाजूला यावर चाक किती वळणार ते ठरतं. तीनचा वेगळा, दीडचा वेगळा. तर मी स्क्रू काढले, तीनचा तुकडा बाहेर काढला, तळहातावर ठेवला, आणि तोच परत घातला. दादा गेला आणि जिंकला. नुसता जिंकला नाही, इतकी सुंदर चालवली की लोक आपापली कामं सोडून बघत होते. आणि येऊन मला म्हणतो — बघ, मी सांगत होतो ना? मी म्हटलं, हो रे दादा. तेव्हापासून असंच चाललंय.

नाही काका, तुम्ही असं तोंड करू नका. तो मूर्ख नाहीये. त्याच्या हातात जे आहे ते कोणाच्या हातात नाही, ते तुम्ही पाहिलंय, म्हणून तर टीमने घेतला त्याला. फक्त सुरू व्हायच्या आधी त्याचं कोणीतरी ऐकलेलं लागतं. काहींना पाणी लागतं, काहींना देवाचं नाव लागतं, याला 'दादा, केलं' एवढं ऐकू यायला लागतं. मग तो शांत होतो. आता हे तुम्हाला करावं लागेल, म्हणून सांगते. अवघड नाही. तो सांगेल, मागचा टो कमी करा. तुम्ही लगेच हो म्हणायचं नाही, आधी जरा कुरकुरायचं — निसटेल बरं का, बघा — म्हणजे तो हट्टाला पेटतो आणि मग त्याला बरं वाटतं. मग गाडी उलटी करायची. तो लांबून बघत असतो, बघत नाही असं दाखवतो, पण बघतो. स्क्रू खरेच काढायचे. तुकडा खराच बाहेर काढायचा. आणि घाई करायची नाही, खरं काम करायला जेवढा वेळ लागेल तेवढा पूर्ण घ्यायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाबांनी मला हेच परत परत सांगितलं होतं — वेळ पूर्ण घे. मग हात पुसायचे आणि सांगायचं, केलं. डोळ्यांत बघून नाही सांगता येत, माझ्याच्याने अजून नाही होत. बाबा कानाकडे बघायचे. समोरच्याला वाटतं आपल्याकडेच बघताहेत. मीही कानाकडे बघते. तुम्हीही कानाकडे बघा.

तो गेज लावून बघेल का? नाही हो. इतक्या वर्षांत एकदाही नाही लावला. त्याचा विश्वास आहे माझ्यावर. बाबांवरही होता. आमच्या घरात सगळ्यांचा सगळ्यांवर फार विश्वास. तुम्हाला काय सांगितलं त्याने बाबांबद्दल — अचानक गेले? सगळ्यांना तो तेच सांगतो, त्याला तसंच वाटतं. अचानक नाही गेले काका. त्यांना जिना चढताना दम लागायचा, मध्येच थांबून कठड्याला टेकून भिंतीवरचा रंग बघत बसायचे, जसं काही रंगच बघायला थांबलेत. आईने धोशा लावला, डॉक्टरांकडे जा, डॉक्टरांकडे जा. मग एका सकाळी म्हणाले, जातो बाई, तुझं समाधान होऊ दे. इस्त्रीचा शर्ट घातला. जुने कागद पिशवीत घातले. गेले, ते जेवायच्या वेळेला परत आले. इथेच उभे होते, या टेबलापाशी, मी चाकं काढून पुसत होते. म्हणाले, दाखवलं. काही नाही म्हणाले डॉक्टर, पित्त आहे. गोळ्याही होत्या हातात — कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात तशा. आई तर इतकी खूश झाली, त्या दिवशी भांडलीसुद्धा नाही. दादा म्हणाला, बघा, मी म्हणत होतो ना, काही नाहीये तुम्हाला.

मग ते गेले. आणि नंतर एकदा मी चप्पल शिवायला दिली, तो कोपऱ्यावर बसतो ना चपला शिवणारा, तो म्हणाला, तुझे बाबा त्या दिवशी इथे बसले होते, समोरच्या बाकावर, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, मला वाटलं कोणाची तरी वाट बघताहेत. मी विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, सकाळभर. मध्ये एकदा उठून औषधाच्या दुकानात गेले, परत येऊन बसले. मग घड्याळ बघितलं आणि घराकडे निघाले.

वेळ पूर्ण घेतला त्यांनी.

का, ते मला माहीत नाही. घाबरले असतील. इंजेक्शन टोचताना ते डोळे मिटून घ्यायचे, एवढा मोठा माणूस. मी चप्पल घेतली आणि घरी आले. आईला सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे, तुम्ही गाडी न्यायला आलात. मला रडूही आलं नाही. अजून नाही आलं. आत्या म्हणाली, पोरगी दगड आहे. असेन. फक्त एक आठवतं. ते 'दाखवलं' म्हणाले तेव्हा माझ्या कानाकडे बघत होते. मला वाटलं, माझ्या कानातलं पडलं की काय. मी हात लावून बघितला. होतं जागेवर. म्हणून मी परत चाकं पुसायला लागले.

नको, पाणी नको. काय सांगत होते मी? हां — तोच तुकडा परत. कुरकुरायचं, स्क्रू काढायचे, वेळ पूर्ण —

द्या इकडे ती गाडी.

द्या हो, मी करते, तुम्हाला तो स्क्रू सापडायचा नाही, मागचा तेलात बुडालेला असतो. हा एक. हा दुसरा. ही डबी बघा, यात दीडचा तुकडा आहे, एकदाच वापरलेला, त्यावर अजून फळीचा पिवळा रंग लागलाय. नाही, खोटं खोटं नाही करत. हा तीनचा काढला, इथे ठेवला तुमच्यासमोर. हा दीडचा घातला. माहीत आहे काका, निसटेल. मला माहीत नसेल तर कोणाला माहीत असेल? उद्या सराव आहे ना, शर्यत परवा. उद्या पहिल्याच वळणावर फिरेल. टीमचे लोक बघतील, हो. काढून टाकतील? — टाकतील कदाचित. त्याने नोकरी सोडली आहे यासाठी. आईला माहीत नाही, मला एकटीला सांगितलंय, तुला म्हणून सांगतो म्हणाला. आईला वाटतं रजा घेतली आहे. बघा, आमच्याकडे हे असंच असतं, सगळ्यांना सगळं बरं वाटावं म्हणून.

नको ना काका. तो स्क्रू ठेवा खाली. तुम्ही दयाळू माणूस आहात ते कळलं मला, आमचे बाबाही दयाळूच होते. तुम्ही रस्त्यात गाडी थांबवून परत तीनचा घालाल, आणि दादाला सांगाल दीड आहे, आणि तो परवा जिंकेल, आणि पुढच्या वेळी तो म्हणेल एक करा, आणि मग अर्धा, आणि तुम्ही हो हो म्हणत राहाल. आणि मग एखाद्या दिवशी तुम्ही नसाल, दुसरा कोणीतरी मेकॅनिक असेल, तो बिचारा सांगितलं तसंच करेल. तेव्हा दादाला कळणारही नाही काय चुकलं. माणसाला निदान आपली गाडी कशी आहे ते माहीत पाहिजे. एवढंसुद्धा नको का?

त्याला तोंडावर सांगू म्हणता — कसं जमेल? मी कशी सांगणार? मी आणि दादा, आम्ही जेवताना मीठसुद्धा हाताने खुणा करून मागतो. मला फक्त हे येतं. स्क्रू लावायला येतं. हा घट्ट झाला. हा दुसरा. आता लावा गेज. दोन्हीकडे लावा — किती? बरोबर. आता जे त्याला वाटतं तेच गाडीत आहे. असं पहिल्यांदाच झालंय. म्हणजे दुसऱ्यांदा.

गाडी फिरेल, परत फिरेल, आणि मग तो येऊन तुम्हाला म्हणेल, अजून ढिली करा. असंच म्हणेल, मी सांगते ना. तेव्हा कुरकुरू नका, केलं म्हणू नका, काहीच बोलू नका. गेज त्याच्या हातात द्या. आणि हा तीनचा तुकडा, हा खिशात ठेवा, नीट, हरवाल — तो स्वतः म्हणाला 'आधी किती होता', तर द्या. म्हणाला तरच. कोणी ठेवला होता विचारलं तर बाबांनी म्हणू नका. त्यांना आता राहू दे. मी ठेवला होता म्हणा.

मी? मी नाही येणार बघायला. काय बघू? मला इथून दिसतं सगळं.

रिमोट त्या पिशवीत आहे, बॅटऱ्या वेगळ्या ठेवल्यात. खालून धरा गाडी, मागच्या पंखाला धरून उचलू नका. — तुमचा फोन वाजतोय. त्याचाच असणार, सकाळपासून मला तीनदा करून झालाय, मी उचलला नाही. विचारेल, मागचा टो किती आहे. गेज आहे ना हातात? बघून सांगा. इथे नको, बाहेर जिन्यात घ्या, आई ऐकेल. चला काका. दार मी लावते.